टीव्हीखालच्या बॉक्सवर व्हीपीएन: बोगदा कुठून सुरू करावा?

श्रोतेहो, टीव्हीच्या बॉक्सवर व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरची बोगद्यासारखी खाजगी वाट, लावण्याच्या विषयात शिरण्याआधी एक गोष्ट तपासावी लागते, ती म्हणजे आपल्या टीव्हीखालचा बॉक्स इंटरनेटला जोडलेला आहे की नाही. छतावरच्या डिशवरून केवळ वाहिन्या घेणारा जुना सेट-टॉप बॉक्स उपग्रहाकडून येणारा संकेत उलगडून पडद्यावर दाखवतो; त्याच्याकडून इंटरनेटवर काही जातच नाही, त्यामुळे तिथे व्हीपीएनचा प्रश्न उद्भवत नाही. टाटा प्ले बिंज प्लस किंवा एअरटेल एक्सट्रीमसारखे अँड्रॉइड टीव्हीवर चालणारे बॉक्स निराळे आहेत. ते डिशही घेतात आणि घरचे वायफायही घेतात, आणि व्हीपीएनचा संबंध येतो तो फक्त या दुसऱ्या वाटेशी.

त्या वाटेवर व्हीपीएन नेमके काय करते? बॉक्सपासून व्हीपीएन कंपनीच्या सर्व्हरपर्यंतची सगळी ये-जा ते कूटबद्ध करते, म्हणजे मधल्या कोणाला वाचता येऊ नये अशी करते (हाच तो बोगदा), आणि पलीकडच्या सेवेला आपल्या घराऐवजी त्या सर्व्हरचा इंटरनेटवरचा पत्ता, म्हणजे आयपी पत्ता, दिसतो. जाहिराती वाचून वाटते तितके हे मोठे संरक्षण नाही. आपण पाहतो त्या बहुतेक ओटीटी सेवांची वाहतूक आधीच कूटबद्ध असते. ब्रॉडबँड कंपनीला आपण कोणत्या सेवेकडे गेलो हे कळू शकते, तिथे कोणता चित्रपट पाहिला हे सहसा कळत नाही. व्हीपीएन लावल्यावर ब्रॉडबँड कंपनीला कळणारी ही माहिती नाहीशी होत नाही, ती व्हीपीएन कंपनीच्या हाती जाते. म्हणून कोणते ॲप घ्यावे यापेक्षा कोणावर विश्वास ठेवावा, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

प्रत्यक्ष जोडणी फारशी अवघड नाही. अँड्रॉइडमध्ये ४.० या आवृत्तीपासून, म्हणजे २०११ पासून, एखाद्या ॲपला सगळी वाहतूक आपल्यामार्फत नेण्याची अधिकृत सोय आहे. बॉक्सवरील प्ले स्टोअरमधून ॲप घ्यावे आणि खात्यात शिरावे. रिमोटने एकेक अक्षर निवडत पासवर्ड टाकणे ही शिक्षाच असते, त्यामुळे पडद्यावरचा कोड फोनवर भरण्याची सोय असेल तर तीच वापरावी. यानंतर अँड्रॉइड स्वतः एकदा परवानगी मागते. ती सूचना वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण या ॲपला आपली वाहतूक न्याहाळता येईल, असे तिथे स्पष्ट लिहिलेले असते. ॲपल टीव्हीवर अशी ॲप्स २०२३ मधील टीव्हीओएस १७ या त्याच्या प्रणालीपासून चालू लागली.

यापुढची अडचण वेगाची आहे. फोर-के चित्रासाठी नेटफ्लिक्स १५ एमबीपीएस किंवा त्याहून अधिक वेग सुचवते. ब्रॉडबँडला हा वेग जड नाही, पण स्वस्त बॉक्समधील प्रोसेसर चित्र उलगडण्यापुरता घडवलेला असतो, आणि कूटबद्धतेचे गणित त्याच्यावर वेगळे पडते. ॲपमध्ये बोगदा बांधण्याच्या ओपनव्हीपीएन आणि वायरगार्ड अशा दोन पद्धतींचे पर्याय दिसले, तर आधी वायरगार्ड निवडून पाहावे. मार्च २०२० मध्ये लिनक्स या संगणक-प्रणालीच्या ५.६ या आवृत्तीत समाविष्ट झालेली ही पद्धत आटोपशीर आहे, आणि तिची कूटपद्धती खास हार्डवेअर नसलेल्या प्रोसेसरवरही चपळ चालते.

वेगाशीच जोडलेली एक गंमत भारतात घडते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार व्हीपीएन सेवा देणाऱ्यांनी ग्राहकांची नावे, पत्ते आणि त्यांना दिलेले आयपी पत्ते किमान पाच वर्षे जपून ठेवणे बंधनकारक झाले. यानंतर एक्सप्रेसव्हीपीएन, नॉर्डव्हीपीएन, सर्फशार्क अशा कंपन्यांनी भारतातले आपले सर्व्हर काढून घेतले, आणि भारतीय पत्ता सिंगापूर किंवा लंडनसारख्या ठिकाणच्या यंत्रांवरून देण्याची वाट काहींनी धरली. अशा सेवेत पुण्यातल्या माणसाने यादीतून ‘भारत’ निवडला, तर त्याचा चित्रपट समुद्रापार जाऊन परत घरी येतो आणि बफरिंगचा दोष मात्र वायफायवर येतो. व्हीपीएन वापरणे आपल्याकडे बेकायदा नाही. मात्र दुसऱ्या देशातील कार्यक्रम पाहण्यासाठी ते वापरल्यास त्या सेवेच्या अटींचा भंग होऊ शकतो, आणि नेटफ्लिक्स तर २०१६ पासून अशा जोडण्या अडवत आले आहे.

बॉक्सवरच्या व्हीपीएनबद्दल माझा मुख्य आक्षेप मात्र वेगळा आहे. बोगदा तुटला तर इंटरनेटच बंद ठेवण्याची सोय फोनच्या सेटिंग्जमध्ये असते. अनेक टीव्ही बॉक्सवर ते पानच दिसत नाही, त्यामुळे ॲप मध्येच बंद पडले तर वाहतूक गुपचूप उघड्या वाटेने सुरू होते. शिवाय बॉक्स स्वतःच भ्रष्ट असेल तर बोगद्याचा काय उपयोग? सप्टेंबर २०२४ मध्ये डॉक्टर वेब या कंपनीने ‘व्हॉइड’ नावाच्या घातक प्रणालीची माहिती दिली; १९७ देशांतील सुमारे १३ लाख अँड्रॉइड टीव्ही बॉक्स तिने बाधित झाले होते. फुकट व्हीपीएनची कथाही फारशी वेगळी नाही. अमेरिकेने मे २०२४ मध्ये मोडून काढलेले ‘९११ एस५’ हे जाळे मास्कव्हीपीएन, ड्यूव्हीपीएन अशा फुकट ॲप्सच्या आडून लोकांच्या विंडोज संगणकांत शिरले होते, आणि त्यांच्या घरचे इंटरनेट पत्ते गुन्हेगारांना भाड्याने दिले जात होते.

म्हणून शक्य असेल तिथे बोगदा राउटरवरूनच सुरू करावा, असे मी सुचवतो. ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची मुक्त प्रणाली चालवणाऱ्या किंवा मुळातच व्हीपीएनची सोय असलेल्या राउटरवर एकदा जोडणी केली, की सॅमसंगच्या टायझेन किंवा एलजीच्या वेबओएसवर चालणारे टीव्हीही तिच्यात येतात, ज्यांच्यावर व्हीपीएनचे ॲप सहसा मिळतच नाही. ब्रॉडबँड कंपनीने दिलेल्या राउटरमध्ये ही सोय बहुधा नसते. त्यामागे दुसरा राउटर जोडावा आणि फक्त टीव्ही त्याच्या वायफायवर घ्यावा.

मला सर्वांत सार्थ वाटणारा उपयोग मात्र व्हीपीएन विकत न घेताच होतो. मुलगी ह्यूस्टनला असेल आणि घरच्या लग्नमुंजींचे व्हिडिओ नाशिकच्या घरातील हार्ड डिस्कवर असतील, तर दोन्ही घरांमध्ये स्वतःचाच बोगदा टाकता येतो. इथे अडसर येतो तो अनेक ग्राहकांत एकच सार्वजनिक पत्ता वाटून देण्याच्या ब्रॉडबँड कंपन्यांच्या पद्धतीचा, कारण त्यामुळे बाहेरून घरच्या यंत्रापर्यंत थेट पोहोचता येत नाही. टेलस्केलसारखी सेवा, जी स्वतः वायरगार्डवरच उभी आहे, हा अडसर ओलांडते. तिचे ॲप अँड्रॉइड टीव्ही आणि ॲपल टीव्ही या दोन्हींवर चालते. नाशिकचा संगणक आणि ह्यूस्टनचा बॉक्स एकाच खात्याखाली आणले, की घरचे व्हिडिओ टीव्हीवर दाखवणाऱ्या जेलीफिनसारख्या ॲपमधून ती हार्ड डिस्क तिथल्या टीव्हीवर उघडते.