जीपीएस मॉड्यूलला नुसते ३.३ व्होल्ट पुरत नाहीत

नमस्कार मंडळी. जीपीएस मॉड्यूलची डेटाशीट उघडली की बहुतेक जण एवढंच बघतात, ३.३ व्होल्ट, करंट ५० मिलिअँपिअरच्या आसपास, मग काय, रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) लावला की झालं! पण तसं होत नाही, आणि त्याचं कारण वरून येणाऱ्या सिग्नलमध्येच आहे. उपग्रह वीस हजार किलोमीटरवर, जमिनीवर सिग्नल पोचतो साधारण उणे १३० डीबीएम (१ मिलिवॉटच्या तुलनेत मोजलेली ताकद), आणि २ मेगाहर्ट्झच्या बँडविड्थमधला थर्मल नॉइजच (उष्णतेमुळे आपोआप होणारा गोंगाट) असतो उणे १११. म्हणजे सिग्नल नॉइजच्याही १९ डीबी खाली! रिसीव्हर उपग्रहाचा ठरलेला कोड जुळवून जुळवून तो बाहेर काढतो, सप्लायचा थोडा नॉइजही त्याला नडतो, त्यामुळे इथे पॉवर सप्लाय हा रेडिओचाच भाग धरायचा, हे माझं ठाम मत आहे.

आता बसमधला ट्रॅकर घेऊ, बॅटरी २४ व्होल्टची. थेट एलडीओ (जादाचं व्होल्टेज उष्णतेत घालवणारा साधा रेग्युलेटर) लावला तर २०.७ व्होल्ट गुणिले ५० मिलिअँपिअर, एक वॉटच्या वर नुसती उष्णता, छोटा एलडीओ टिकणारच नाही. म्हणून आधी बक कन्व्हर्टर (भराभर चालू-बंद करून व्होल्टेज उतरवणारा, फार न तापणारा सर्किट), त्याच्यामागे एलडीओ. पण एलडीओ आहे म्हणजे रिपल (बकच्या चालू-बंदमुळे व्होल्टेजवर उठणाऱ्या लहरी) गेला असं समजू नका, तो कमी फ्रिक्वेन्सीला छान काम करतो, मेगाहर्ट्झकडे गेलं की त्याची ताकद घसरते, तिथे फेराइट बीड (जास्त फ्रिक्वेन्सीचा नॉइज अडवणारा छोटा भाग) आणि कपॅसिटरच कामाला येतात. तेही मॉड्यूलच्या पिनला चिकटून हवेत. आणि छोट्या साइजच्या सिरॅमिक कपॅसिटरवर १० मायक्रोफॅरड छापलेलं असलं तरी व्होल्टेज दिल्यावर तेवढे उरत नाहीत, हे बरेच जण विसरतात. शेजारी टूजी मोडेम असेल तर तो सेकंदाला २१७ वेळा २ अँपिअरपर्यंतचे झटके घेतो, त्याची लाइन वेगळीच ठेवा.

ॲक्टिव्ह अँटेनाला (जिच्या आतच अँप्लिफायर असतो) करंट सिग्नलच्याच केबलमधून जातो, त्यामुळे तिथला नॉइज सरळ त्या पहिल्या अँप्लिफायरला भिडतो. तिथे १० ओहमचा रेझिस्टर टाकतात, पण केबल शॉर्ट झाली तर ३.३ व्होल्टला त्याच्यावर १.१ वॉट पडतात, चिमुकला रेझिस्टर जळणारच, करंट लिमिट घालाच.

बॅकअप पिनकडे (मुख्य सप्लाय गेल्यावर मॉड्यूलची मेमरी आणि घड्याळ जिवंत ठेवणारी पिन) तर फार दुर्लक्ष होतं. इग्निशन बंद झालं, बॅकअप नसेल तर घड्याळ आणि एफेमेरिस (उपग्रहांच्या कक्षेची नेमकी माहिती) दोन्ही गेलं, परत चालू केल्यावर उपग्रहाकडून सगळं नव्याने घ्यायचं, मोकळ्या आकाशातही अर्धा मिनिट, इमारतींच्या गर्दीत कितीतरी जास्त. एफेमेरिस साधारण ४ तास चालतं. यू-ब्लॉक्सचं निओ-६एम बॅकअपला साधारण २२ मायक्रोअँपिअर घेतं, तेवढे ४ तास काढायला ३ वरून १.४ व्होल्टपर्यंत उतरू द्यायचं म्हटलं तर हिशोबाने ०.२ फॅरड येतात, डायोडचा ड्रॉप आणि गळती धरून जरा मोठाच सुपरकपॅसिटर घ्या. सीआर२०३२ सेल लावला तर वर्षभर बघायला नको.

आणि बोर्ड तयार झाला की ऑसिलोस्कोपवर व्होल्टेज बघून थांबू नका. अँटेना तीच, जागा तीच, आधी मॉड्यूलला साध्या बॅटरी आणि एलडीओवर चालवा, मग तुमच्या सप्लायवर, आणि जीएसव्ही ओळीतले (मॉड्यूल दिसणाऱ्या उपग्रहांची माहिती देतं ती ओळ) सिग्नलचे आकडे दोन्ही वेळा लिहून घ्या. मोकळ्या आकाशाखाली चांगले उपग्रह ४० ते ४५ डीबी-हर्ट्झ (नॉइजच्या तुलनेत सिग्नलची ताकद) दाखवतात. तुमच्या सप्लायवर सगळेच उपग्रह ३-४ डीबीने खाली आले, तर आधी बक आणि अँटेनाची लाइन तपासायला घ्या.