ज्योचं लॉरीशी का जमलं नाही?

श्रोतेहो, नमस्कार.

आज एका न झालेल्या लग्नाबद्दल बोलायचं आहे. मुलगा आणि मुलगी, दोघंही कागदावरची. तरी त्यांचं जमलं नाही म्हणून गेली दीडशे वर्षं लोक हळहळतायत आणि लेखिकेला बोल लावतायत. लुइझा मे अल्कॉट या अमेरिकन लेखिकेची 'लिटल विमेन' ही ती कादंबरी. आपल्यापैकी पुष्कळांनी ती शांताबाई शेळके यांच्या 'चौघीजणी'मधून वाचली असेल. मेग, ज्यो, बेथ आणि ॲमी या चार बहिणी, आणि शेजारच्या मोठ्या घरात आजोबांजवळ राहणारा लॉरी.

ज्यो आणि लॉरीची नीट ओळख होते तो प्रसंग आठवतोय? नव्या वर्षाची पार्टी. ज्योच्या झग्याला मागे जळल्याचा डाग पडलेला, म्हणून भिंतीला पाठ लावून उभं राहायची तिला घरून ताकीद. कुणी नाचायला बोलावू नये म्हणून ती पडद्याआड सटकते, तर तिथे हा आधीच लपून बसलेला! मग दोघं बाहेरच्या रिकाम्या हॉलमध्ये, कुणाला डाग दिसणार नाही अशा बेताने, मनसोक्त नाचतात. आता असा प्रसंग लिहिल्यावर वाचकाने काय समजायचं, सांगा बरं?

वाचकांनी तेच समजलं. आणि त्यांना तसं समजायला भरपूर वेळही मिळाला. आज आपल्या हातात एकच जाडजूड पुस्तक येतं, त्यामुळे ही गोष्ट लक्षात येत नाही. कादंबरी दोन भागांत निघाली. पहिला भाग १८६८च्या शरद ऋतूत बॉस्टनला प्रसिद्ध झाला, दुसरा १८६९च्या एप्रिलमध्ये. पहिल्या भागाच्या शेवटी मेगचं लग्न ठरतं आणि लेखिका नाटकासारखा पडदा पाडते. तो पुन्हा वर जाईल की नाही हे वाचकांच्या स्वागतावर अवलंबून, असंही सांगून टाकते. मधल्या सहा महिन्यांत वाचकांच्या हाती काय होतं? पडदा पडलेला, लॉरी शेजारच्या घरात, आणि ज्यो मोकळी. कुटुंबातली मावशी-आत्यामंडळी जशी कुणी न विचारता स्थळ पक्कं करून मोकळी होतात, तसं वाचकांनी हे लग्न ठरवून टाकलं. पुढचा भाग म्हणजे फक्त मुहूर्त काढायचा राहिलेला.

मुलींची पत्रं येऊ लागली. १८६८च्या १ नोव्हेंबरला अल्कॉटबाई दुसरा भाग लिहायला बसल्या. रोज एक प्रकरण या वेगाने महिन्याभरात संपवायचा त्यांचा बेत होता. त्याच दिवशीच्या डायरीत वैतागही उतरलाय. या चौघी कुणाकुणाशी लग्न करणार, एवढंच मुली विचारतात, जणू बाईच्या जन्माचं सार्थक तेवढ्यातच आहे! कुणाला खूश करायला मी ज्योचं लॉरीशी लग्न लावणार नाही. असं स्वच्छ लिहिलंय.

त्या वेळी बाई पस्तिशीच्या होत्या, अविवाहित होत्या, आणि घर त्यांच्या लेखणीवर चालत होतं. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांनी न्यूयॉर्कच्या एका साप्ताहिकासाठी लग्न न करता सुखाने राहणाऱ्या बायकांवर लेख लिहिला होता. आपल्यापैकी अनेकींना प्रेमापेक्षा स्वातंत्र्य हाच बरा नवरा, अशी नोंद डायरीत केली होती. ज्योही तशीच राहावी, लिहीत राहावी, हा त्यांचा मूळ विचार. पण बिनलग्नाची नायिका त्या काळी कोण खपवून घेणार! पुढे मार्च १८६९मध्ये एका मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रात त्यांनी कबुलीच दिली. मुलींनी ज्योचं लॉरीशी, नाहीतर निदान कुणाशी तरी लग्न लावाच म्हणून एवढा गलका केला, की नाही म्हणायचं धाडस झालं नाही. मग हट्टाने, मुद्दाम, तिच्यासाठी एक गमतीदार स्थळ काढलं.

हे गमतीदार स्थळ म्हणजे प्रोफेसर भेअर. चाळिशीचे, जर्मन, दाढीवाले, खिशाने फाटके, आणि वर दोन भाच्यांची जबाबदारी. वाचकांची तोंडं पडली ती अजून सावरलेली नाहीत.

पॅरिसमध्ये वाढणाऱ्या सिमोन द बोव्हारलाही हा धक्का चुकला नाही. ती स्वतःला ज्यो समजत होती. लॉरी ॲमीशी लग्न करतो हे अवचित वाचनात आल्यावर आपण किती खचलो आणि लेखिकेचा कसा राग आला, हे तिने आठवणींत लिहून ठेवलंय. पुढे एवढी मोठी विचारवंत झालेली बाई! लहानपणी मात्र तिलाही ज्योला लॉरीच हवा होता.

माझं म्हणाल तर मी लेखिकेच्या बाजूने आहे. पण वाचकांना वेड्यात काढायला मी तयार नाही. आपल्याला लॉरी हवा असतो तो नवरा म्हणून, असं मला वाटत नाही. पहिल्या भागातले दिवस संपू नयेत असं वाटत असतं. माळ्यावरची नाटकं, घरातलं वर्तमानपत्र, दोन घरांच्या मधल्या कुंपणातली टपालपेटी... ज्योने लॉरीशी लग्न केलं असतं तर हे सगळं असंच चालू राहिलं असतं, अशी आपली भाबडी समजूत. अल्कॉटबाईंनी नाकारलं ते हे. बेथ जाते, मेगला संसाराचे चटके बसतात, तिथे ही जोडी तेवढी बालपणात कशी राहावी?

लॉरी मागणी घालतो ते प्रकरण पुन्हा काढून वाचा. कॉलेज संपवून, अभ्यासात नाव काढून तो आलाय. तुला आवडत नाही म्हणून मी बिलियर्ड्स सोडलं, तक्रार न करता वाट पाहिली, असा हिशेबच मांडतो. ज्यो रडवेली होते, पण ढळत नाही. मग त्याचा संशय त्या म्हाताऱ्या प्रोफेसरवर जातो, आणि ही पटकन म्हणते, ते म्हातारे नाहीत! केवढं बोलून गेली, तिचं तिला कळत नाही. आईने आधीच ओळखलं होतं, की दोघं सारखीच तापट, सारखीच हट्टी, स्वातंत्र्याची हौस दोघांनाही. नकार ऐकून लॉरी तरातरा नदीवर जातो, होडीत उडी टाकतो आणि एकटाच जिवाच्या आकांताने वल्ही मारत सुटतो.

ही होडी लक्षात ठेवा. कारण पुढे स्वित्झर्लंडमध्ये, व्हेव्हेच्या तळ्यावर, पुन्हा एक होडी आहे. वल्ही लॉरीच मारतोय, समोर ॲमी बसलीय. तो दमलेला दिसतो, तर ती एक वल्हं मागते. तो सरकून जागा करतो, आणि होडी सरळ चालते. तिथेच त्याची मागणी. त्याआधी फ्रान्समध्ये नीसला हिनेच त्याला तोंडावर सुनावलेलं असतं, की मला तुझा तिरस्कार वाटतो, आळशी झालायस. ज्योने त्याला सांभाळलं, ॲमीने कामाला लावलं. आणि व्हेव्हे तरी कुठलं? अल्कॉटबाईंना १८६५ साली एक पोलिश तरुण भेटला होता, ज्याच्यावरून लॉरी बराचसा घडला, तो याच गावात. आपल्याच आठवणीतला मुलगा आपल्याच आठवणीतल्या तळ्यावर नेऊन बाईंनी तो ज्योच्या धाकट्या बहिणीच्या पदरात घातला. वाचकांनी यासाठी ॲमीला जे बोल लावले ते मला अन्यायाचे वाटतात. ज्योची गोष्टींची वही तिने चुलीत घातली होती, मान्य. पण तेव्हा ती बारा वर्षांची होती हो!

भेअरबद्दल मात्र माझीही एक तक्रार आहे. ज्यो पोटासाठी सनसनाटी गोष्टी लिहीत असते. हे सद्गृहस्थ तिच्यासमोर तसल्या लेखनाला नावं ठेवतात आणि ती शरमेने आपला सगळा गठ्ठा जाळून टाकते. गंमत अशी की खुद्द अल्कॉटबाई ए. एम. बर्नार्ड या टोपणनावाने तसल्याच रहस्याच्या, सूडाच्या गोष्टी लिहून घर चालवत होत्या. ते टोपणनाव त्यांचंच, हे उघडकीला आलं १९४०च्या दशकात. म्हणजे जे स्वतः केलं, त्यावरून नायिकेला बोलणी खायला लावली. हे काही मला पटलेलं नाही.

पण मग तो छत्रीचा प्रसंग येतो आणि मी विरघळतो. पाऊस, चिखल, आणि ज्यो छत्री न घेता बाजारात, प्रोफेसर भेटतील म्हणून पेढ्या-वखारींच्या बाजूला उगाच घुटमळतेय. भेटतात. तिचा परकर चिखलाने बरबटलेला, टोपीचं पोतेरं झालेलं. त्यांच्या टोपीच्या काठावरून पाण्याच्या धारा खांद्यावर ओघळतायत, कारण छत्री सगळी तिच्यावर धरलीय. हातमोज्याचं एकेक बोट उसवलेलं. या रिकाम्या हातांशिवाय द्यायला काही नाही असं ते म्हणतात, तेव्हा ती आपले हात त्यांच्या हातांत ठेवते आणि म्हणते, आता रिकामे नाहीत. चेष्टेने काढलेलं स्थळ असेल, पण लिहिताना बाईंना चेष्टा साधली नाही.

मूळ विचार त्यांनी सोडला होता का? १८८६ साली या मालिकेतलं शेवटचं पुस्तक आलं, 'ज्योज बॉइज'. तोवर बाई इतक्या थकल्या होत्या, की भूकंप घडवून सगळी पात्रं जमिनीत गाडून टाकावीत असा मोह होतोय, असं त्यांनी शेवटच्या प्रकरणात लिहिलंय. तसं न करता कुणाचं काय झालं ते त्या झपाझप सांगून टाकतात. वाचक विचारणारच, म्हणून सगळी लग्नं सुखाची झाली हेही आधीच सांगतात. त्यात नॅन नावाची एक मुलगी आहे. लग्नानंतर ज्योने काढलेल्या शाळेत वाढलेली, तिच्यासारखीच धडपडी. लहानपणापासूनचा मित्र टॉमी तिच्यामागे वर्षानुवर्षं लागलेला असतो. तो तर तिच्यापायी डॉक्टरी शिकायला जातो. नॅन नाही म्हणते ती नाहीच म्हणते. टॉमी शेवटी दुसरीशी लग्न करतो. नॅन डॉक्टर होते, बायकामुलांवर उपचार करण्यात आयुष्य घालवते, आणि आनंदात, बिनलग्नाची राहते.

नमस्कार.