दुखत नाही म्हणून बेंचवर जाऊ नका

पुढच्या दोन रांगांत जिमचे ट्रेनर बसलेत असं मला सांगितलंय. बरं झालं. पुरुषांच्या छातीचं ऑपरेशन आम्ही करतो खरं, पण तिसऱ्या आठवड्यात तो मुलगा आमच्यासमोर नसतो, तुमच्यासमोर असतो. आणि घोटाळा होतो तो तिसऱ्या आठवड्यातच.

पुरुषाची छाती स्तनासारखी वाढते, त्याला तुम्ही ‘गायनो’ म्हणता. दुखणं जुनं आहे. सातव्या शतकातल्या पॉल ऑफ एजिना या ग्रीक वैद्याने चंद्रकोरीसारखी चीर देऊन पुरुषाची वाढलेली छाती कमी करायची रीत लिहून ठेवली आहे. आम्हीही बहुतेक वेळा चीर देतो ती कोरीसारखीच, स्तनाग्राभोवतीच्या काळसर वर्तुळाच्या खालच्या कडेने. चरबी नळीने ओढून काढायची, स्तनाग्रामागची घट्ट गाठ कापून काढायची. स्नायूला आम्ही हात लावत नाही. मुलं नेमकं एवढंच लक्षात ठेवतात. “डॉक्टर, स्नायू कापला नाही ना? मग बेंच मारायला काय हरकत आहे?” बेंच म्हणजे बाकावर उताणं झोपून छातीवरून वजन ढकलणं.

गोधडी डोळ्यांसमोर आणा. मधला थर काढून घेतलाय, वरचा पदर खालच्या पदरावर नुसता पसरलाय. तो पुन्हा टाचला जायचाय, आणि तो टाचायचं काम शरीर करतं. खालचा पदर म्हणजे छातीचा स्नायू. तुम्ही जोर मारलेत की तो आखडतो, सरकतो, आणि नुकती धरू लागलेली शिवण उसवते. मधे पोकळी राहिली की तिथे पाणी साठतं. आम्ही पट्ट्यांचं ते घट्ट जॅकेट चार ते सहा आठवडे घालायला सांगतो ते याचसाठी, छाती आकारात दिसावी म्हणून नव्हे. एप्रिलच्या उकाड्यात ते अंगावर ठेवणं म्हणजे शिक्षा आहे, मला मान्य आहे. दोन घ्या, एक धुवायला टाका.

आता मुख्य मुद्दा. “दुखायला लागलं की थांबेन,” असं प्रत्येक जण म्हणतो. एरवी हा सल्ला चांगला आहे, इथे बाद आहे. गाठ काढताना कातडीच्या बारीक नसा दुखावतात, त्यामुळे छातीचा मधला भाग कित्येक आठवडे, कधी कधी काही महिने, बधिर असतो. म्हणजे ज्या पहारेकऱ्याच्या भरवशावर तुम्ही वजन उचलताय, तो झोपलेला आहे.

एक मुलगा अठराव्या दिवशी आला होता. टाके विरघळलेले, चीर शोधावी लागत होती. मित्राच्या आग्रहाने त्याने फक्त दोन सेट पुशअप मारले. काही दुखलं नाही. सकाळी जॅकेट काढलं तर डावी बाजू लिंबाएवढी वर आलेली, बोटाने दाबली की आत पाणी हलायचं. सुई लावून पिवळसर पाणी काढलं, पुन्हा भरलं, पुन्हा काढलं. तीन खेपा झाल्या. मुलगा हुशार होता, फक्त आरशावर विश्वास ठेवून बसला. तिसऱ्या आठवड्यात जखमेची ताकद मूळ कातडीच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढी असते. तीन महिन्यांनी ती ऐंशी टक्क्यांच्या आसपास पोचते आणि बहुधा तिथेच थांबते.

मग करायचं काय? चालायचं, ऑपरेशनच्याच संध्याकाळपासून. पहिले दोन दिवस रक्त साकळायचा धोका सर्वांत मोठा, म्हणून दम कोंडून जोर लावायचा नाही. बद्धकोष्ठ असेल तर औषध मागून घ्या, लाजू नका. पहिले दोन आठवडे हात खांद्याच्या वर नाहीत, आणि बाईक डबल स्टँडवर ओढायची नाही. वीस लिटरचा पाण्याचा जार दुसऱ्याने उचलायचा. दोन आठवड्यांनी सायकल, ती जागेवरची, हँडलवर भार न टाकता. तीन-चार आठवड्यांनी हलकं पळणं, तेही जॅकेट घालून. बैठका त्याच सुमाराला, पण खांद्यावर बार घेऊन नव्हे; बार धरायला कोपर मागे नेलं की छाती ताणली जाते. छातीचा व्यायाम सहा आठवड्यांनी, आणि पहिला पुशअप भिंतीवर. नेहमीच्या निम्म्या वजनापासून सुरू करा. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही बाजू सारख्या दिसल्या तरच पुढे जा. सूर्यनमस्कार निरुपद्रवी वाटतात, पण त्यात साष्टांग आणि भुजंगासन आहे, म्हणून तेही सहा आठवड्यांनीच. कुस्ती, कबड्डी आणि मल्लखांब मी तीन महिने बंद ठेवतो. मल्लखांबाला छाती नुसती टेकत नाही, घासते.

अर्थात तुमच्या सर्जनने वेगळं सांगितलं असेल तर त्याचं ऐका. आत किती कापलंय ते त्याने पाहिलंय. एक बाजू अचानक फुगून टणक झाली, ताप आला, जखम लाल होऊन वाहू लागली, तर त्याच दिवशी फोन करा. दम लागला किंवा पोटरी सुजली तर फोनची वाट न बघता थेट दवाखाना गाठा.

पोलीस भरतीची मुलं बरीच येतात. सोळाशे मीटर जमून जाईल, पण ७.२६ किलोचा गोळा छातीच्या जोरावरच ढकलला जातो. त्यामुळे जाहिरात निघाल्यावर ऑपरेशनला धावत येऊ नका, चार महिने हाताशी ठेवून या. आणि ट्रेनर मंडळी, ती ‘साइज’ची इंजेक्शनं. शरीर त्यातल्या टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करतं, म्हणजे स्तन वाढवणारं हार्मोन. स्तनाग्र आत खचू नये म्हणून आम्ही गाठीची पातळ चकती मुद्दाम मागे ठेवतो, तीच पुन्हा वाढते. दुसऱ्यांदा ऑपरेशन करायला मला आवडत नाही, एवढं बोलून हा विषय सोडतो.

मागून प्रश्न आलाय, ढोलपथकाचं काय? ढोल कमरेला बांधलेला असला तरी टिपरू मारताना झटका छातीला बसतो; सहा आठवडे थांबा. ध्वज तर त्याहून वाईट. यंदा पथकात पाणी वाटायचं काम घ्या. जार कोणी उचलायचा ते मघाशी सांगितलंय.