खळ्यावरचं वारं

व्हिडिओतले हे हात बघा, होडीच्या सुकाणूच्या दांड्यावरचे. हे आमचे आण्णा. लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातले शेतकरी, वय सदुसष्ट, आणि मागं दिसतंय ते मालवणचं पाणी. आण्णांना पोहता येतं, पण ते विहिरीत, लहानपणी कमरेला वाळका भोपळा बांधून शिकलेलं. चार वर्षाखाली या माणसानं समुद्र डोळ्यानं बघितलेला नव्हता.

२०२१ च्या एप्रिलमध्ये माय गेली. कोरोनाची दुसरी लाट होती, ऑक्सिजनचा बेड मिळेपर्यंत आम्ही तिला घेऊन रात्रभर गाडीत फिरलो आणि त्या रात्रीबद्दल घरात नंतर कुणीच काही बोललं नाही. आण्णा तर बोलायचेच बंद झाले. जेवलात का म्हणलं की हं, औषध घेतलं का, हं. शेतात जायचे, बांधावर बसायचे, यायचे. दीड वर्ष असंच.

भाऊ तेव्हा मुंबईत नोकरीला. त्याला शिडाच्या होडीचं वेड लागलं होतं. दिलीप दोंदे २००९ च्या ऑगस्टमध्ये 'म्हादेई' ही शिडाची होडी घेऊन मुंबईतून निघाले आणि २०१० च्या मे मध्ये एकट्यानं पृथ्वीला फेरी मारून परत आले, असं करणारे ते पहिले भारतीय, ते वाचून हा सुट्टीच्या दिवशी सेलिंग शिकायला लागला. मला वाटायचं, ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं प्यायचं पाणी आणावं लागलं तिथल्या पोराला हे कुठून सुचलं. पण २०२२ च्या डिसेंबरमध्ये त्यानं आण्णांना गाडीत बसवलं, मला बसवलं, सोलापूर, कोल्हापूर करत, घाट उतरून मालवण.

होडी त्याच्या ट्रेनरच्या ओळखीनं मिळालेली, छोटी, फायबरची, इंजिन नाही, नुसतं शीड आणि दोन वल्ही. लाइफ जॅकेट घालताना आण्णांचे हात थरथरत होते.

इथं वाऱ्याचं एक टाईमटेबल असतं. हिवाळ्यात पहाटे जमीन गार असते, वारं जमिनीकडून समुद्राकडं जातं, त्याला मतलई वारं म्हणतात. दुपारून जमीन तापली की उलटं, समुद्राकडून खारं वारं येतं. शिडावर मासेमारी चालायची तेव्हा होड्या मतलईवर बाहेर जायच्या आणि खाऱ्या वाऱ्यावर घरी यायच्या. आणि या दोन्हीच्या मध्ये वारं पडतं. पार पडतं.

आमचं नेमकं तिथंच झालं. किनारा दिसतोय पण लांब, शीड लोंबकळलेलं, भाऊ वल्हं मारून मारून दमला, दीड तास आम्ही एकाच जागी. मला तर रडू यायला लागलं होतं. भावानं दोराला लाल लोकरीचा एक धागा बांधला होता, वारं कुठून येतंय ते कळायला. आण्णा कितीतरी वेळ त्या धाग्याकडं बघत होते आणि एकदम म्हणाले,

"तुजी माय भुसकट उडवून बगायची."

मग बोलतच राहिले. खळ्यावर ज्वारी उपणायची, म्हणजे वरून वाऱ्यावर सोडून दाण्यातलं भुसकट उडवायचं, आण्णा उंच तिवईवर उभे, माय खालून पाट्या भरून द्यायची, वारं पडलं की दोघं तिथंच भुसकटात बसून वाट बघायची, कधी कधी सांज व्हायची. एकदा वारं आलंच नाही म्हणून तिनं तिथंच तीन दगड मांडून भाकरी थापल्या. आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. बोलता बोलता आण्णा रडत होते आणि आम्ही दोघं पण.

आणि मधेच थांबले. गाल वळवला, डोळे मिटले.

"आलालंय. धर दोर."

भावाला काहीच जाणवलं नव्हतं. धागा हलला नव्हता. मोजून दहाएक सेकंदात शीड फुगलं.

तेव्हापासून दर हिवाळ्यात येतो. समोरून वारं असलं की होडी सरळ जात नाही, तिरकी न्यायची, मग वळवून दुसऱ्या अंगानं तिरकी, ते आण्णांना पहिल्याच दिवशी कळलं, मला अजून नीट जमत नाही. मागच्या खेपेला सिंधुदुर्ग किल्ल्यावर गेलो. १६६४ मध्ये महाराजांनी पाया घातला, चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव, तीन गोड्या विहिरी. साखरबावीच्या काठावर आण्णा एवढंच म्हणाले, "तिला दाखवायला पायजे होतं." जन्मभर तिनं डोक्यावर पाणी वाहिलं.

हा शेवटचा शॉट आमच्या शेतातला, फेब्रुवारीतला. ज्वारी आता मशीनवर होते, पण आण्णांनी चार पाट्या मागं ठेवायला लावल्या. ते तिवईवर उभे आहेत, भाऊ खालून पाटी देतोय. आणि तिवईच्या पायाला लाल दिसतंय ते बघा, ती त्या होडीवरचीच लोकर.