चीर देण्याआधीचा कॉर्निया
(रत्नागिरीतील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, पाऊस लागला की आपल्या सड्यावरच्या डबक्याडबक्यात बेडूकमासे वळवळायला लागतात. पुस्तकात त्यांना भैकेर म्हणतात, पण इथे कुणी तसं म्हणत नाही, तेव्हा आपणही नको म्हणूया. आज ज्या बेडकाबद्दल बोलायचं आहे तो मात्र सड्यावरचा नव्हे. तो आफ्रिकेतला, नखवाला, झेनोपस लेव्हिस. घरी जाऊन डबक्यातली पोरं पकडून त्यांच्या डोळ्यांत सुया घालू नका, एवढं आधीच सांगून ठेवतो.

विषय असा, की या बेडूकमाशाच्या डोळ्यातलं भिंग काढून टाकलं तर ते पुन्हा तयार होतं. त्या वेळी कोणती जनुकं चालू होतात, हे सांगायचं मी कबूल केलंय. पण त्याआधी एक तक्रार मांडतो, कारण ती दूर झाल्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही.

‘उभयचरांच्या डोळ्यात भिंग पुन्हा उगवतं’ असं सरसकट लिहिलं जातं. त्या एका वाक्यात दोन वेगळे प्राणी आणि दोन वेगळ्या वाटा कोंबलेल्या असतात. पहिला प्राणी न्यूट, म्हणजे शेपटीवाला. त्याचं नवं भिंग बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याच्या, आयरिसच्या, वरच्या काठापासून येतं. हे कोलुच्चीनं 1891 मध्ये नोंदवलं, वोल्फनं 1895 मध्ये, आणि नाव पडलं ‘वोल्फियन पुनर्जनन’! कोलुच्चीचं नाव निदान आपण तरी घेऊ. याच गटातल्या जपानी न्यूटचं भिंग 16 वर्षांत 18 वेळा काढलं, आणि अठराव्या खेपेलाही ते चांगलं आलं. तो अभ्यास 2011 चा.

बेडूकमाशाचं तसं नाही. फ्रीमननं 1963 मध्ये दाखवलं की झेनोपसमध्ये नवं भिंग कॉर्नियातून, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यातून येतं, तेही बाहेरच्या कॉर्नियातून. या वयात कॉर्नियाचे दोन थर सुटे असतात, मध्यभागी एका बारीक खांबाने जोडलेले. कॉर्नियाच्या पेशी आपला पेशा सोडून भिंगाच्या पेशी होतात. आयरिसचा त्यात संबंध नाही.

आता शस्त्रक्रिया. इथे थोडा वेळ घेतो, कारण जनुकांच्या आकड्यांतल्या चुका बहुतेक इथेच होतात. बेडूकमासा ट्रिकेनच्या द्रावणात गुंगवतात, साधारण दोन हजारात एक भाग. ट्रिकेननं पाणी आंबट होतं, म्हणून सोडा बायकार्बोनेट घालून ते आधी उदासीन करायचं. मग सूक्ष्मदर्शकाखाली, अगदी बारीक कात्रीनं, बाहेरचा आणि आतला असे दोन्ही थर चिरायचे आणि चिमट्यानं हलकेच दाबायचं. सालीतून ताडगोळा निसटावा तसं भिंग सबंध बाहेर यायला हवं. फाटलं, आणि त्याच्या पेशी आत राहिल्या, तर पुढचं सगळं वाया. भिंगात क्रिस्टॅलिन नावाची प्रथिनं ठासून भरलेली असतात, त्यांचा आरएनएही, म्हणजे चालू जनुकाची पेशीत निघणारी नक्कलही, भरपूर. राहिलेल्या चिमूटभर पेशींचा आरएनए मोजून ‘दुसऱ्याच दिवशी क्रिस्टॅलिन चालू झालं’ असा निष्कर्ष निघतो. म्हणून काढलेलं भिंग बशीत ठेवून सबंध आहे का ते बघायचं, आणि फाटलेलं दिसलं तर तो प्राणी प्रयोगातून काढायचा. एका डोळ्यावर शस्त्रक्रिया, दुसरा तसाच. शिवाय नुसती चीर देऊन भिंग आतच ठेवलेले प्राणीही हवेत, नाहीतर जखम भरण्याची जनुकं भिंगाच्या नावावर जमा होतात.

सगळं नीट करूनही काही प्राण्यांत भिंग येतच नाही. कारण समजायला खाजणाचा बांध आठवा. भिंग घडवण्याचा संकेत रेटिनाकडून, म्हणजे डोळ्याच्या मागच्या, उजेड टिपणाऱ्या पडद्याकडून येतो आणि डोळ्यातल्या पोकळीत साठतो. आतला कॉर्निया आणि जुनं भिंग हा त्याला घातलेला बांध. चीर दिली की खांड पडते, संकेत बाहेरच्या कॉर्नियापर्यंत पोचतो. पण आतला कॉर्निया ही खांड भराभर बुजवतो. लवकर बुजली तर कॉर्निया कॉर्नियाच राहतो. वय वाढतं तशी ती अधिक वेगानं बुजते, म्हणून बेडूक होण्याच्या सुमारास भिंग येण्याचं प्रमाण घसरतं.

वेळेची चिठ्ठी आली, आणि जनुकं राहिलीच आहेत. आता भरभर सांगतो.

पहिल्या काही दिवसांत बाहेरच्या कॉर्नियाच्या आतल्या बाजूच्या चपट्या पेशी जाड होतात, मग त्यांचा पुंजका, मग पोकळ गोळी, मग तंतू. दहाएक दिवसांत ओळखू येईल असं भिंग. भ्रूणात भिंग घडवताना लागणारी ओटीएक्स2, पॅक्स6, प्रॉक्स1 ही जनुकं इथेही कामाला लागतात, आणि क्रिस्टॅलिनची जनुकं चालू होतात ती तंतू बनताना. रेटिनाच्या संकेतात एफजीएफ या, पेशींना निरोप देणाऱ्या प्रथिनांच्या कुटुंबाचा हात आहे: एफजीएफ1 दिलं तर बशीतल्या कॉर्नियातही भिंगाचे तंतू बनतात, त्याचा निरोप घेणारं पेशीवरचं प्रथिन, म्हणजे ग्राहक, बंद पाडला तर पुनर्जनन अडतं. ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनणारं रेटिनॉइक आम्ल तर माझ्या तक्रारीचा पुरावाच आहे. न्यूटला ते लागतं; झेनोपसमध्ये ते मोडणारी सीवायपी26 विकरं रोखली तर भिंग येणं कमी होतं. दोघांना एका वाक्यात कोंबू नका म्हणतो, ते याचसाठी.

पण खरं सांगायचंय ते हे. पॅक्स6 कॉर्नियात भिंग काढण्याआधीपासून चालूच असतं. कॉर्निया आणि त्याच्या लगतची त्वचा डोळ्याच्या पोकळीत ठेवली तर भिंग बनवतात. कुशीची त्वचा ठेवली तर बनत नाही, आणि तिथे पॅक्स6 नसतं. रेटिनाचा संकेत दोघींनाही तोच मिळतो. फरक पेशीच्या तयारीत आहे. आपण मात्र ‘नंतर काय वाढलं’ याचीच यादी करतो, आणि आधीपासून चालू असलेलं जनुक त्या यादीत दिसतच नाही.

प्रायमर, म्हणजे जनुक मोजताना ते नेमकं पकडणारे डीएनएचे छोटे तुकडे, बनवणाऱ्यांसाठी एक गोष्ट: झेनोपस लेव्हिसची 36 गुणसूत्रं ही दोन पूर्वजांच्या संचांची बेरीज आहे, म्हणून पुष्कळ जनुकांच्या ‘एल’ आणि ‘एस’ अशा दोन प्रती सापडतात. प्रायमर कोणती प्रत पकडतो ते आधी तपासा. आणि एका कॉर्नियातून आरएनए फार थोडा मिळतो, म्हणून बरेच कॉर्निया एकत्र करावे लागतात. त्यातला पहिला गठ्ठा शून्य तासाचा असू द्या, चीरही न दिलेल्या कॉर्नियांचा.