सही कोणाची, सुई कोणाला?

(तालुक्याच्या वाचनालयातील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आधी एक गोष्ट मोकळी करून टाकतो. मी वकील आहे, डॉक्टर नाही. आणि मी लसीच्या बाजूचा माणूस आहे. देवी गेली, पोलिओ गेला, ते लसीमुळेच. तेव्हा 'वकीलसाहेब सुई घेऊ नका म्हणाले' असं उद्या कुणी पानठेल्यावर सांगू नये. आजचा विषय वेगळा आहे. सुई टोचण्याआधी विचारायचं कोणाला आणि सांगायचं काय?

लसीकरणाच्या संमतीसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदाच नाही. इंग्रजांनी १८८० साली एक केला होता, पण तो सक्तीचा. ठरावीक शहरांत आणि छावण्यांत पोराला देवीची लस टोचून घेतली नाही, तर पालकाला दंड. तो पुढे रद्द झाला. आता हाती आहेत ते तुकडे. समीरा कोहली खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की उपचार काय, धोका काय, दुसरा पर्याय काय, हे रुग्णाला कळलं पाहिजे, तरच ती संमती. भारतीय न्याय संहितेचं कलम २८ म्हणतं, भीतीपोटी किंवा गैरसमजातून दिलेली संमती धरायची नाही. आणि २ मे २०२२ ला, बालरोगतज्ज्ञ डॉ. जेकब पुलियेल यांच्या कोविड लससक्तीविरुद्धच्या याचिकेवर, न्या. नागेश्वर राव आणि आपल्या अमरावतीचे न्या. भूषण गवई यांच्या खंडपीठानं निकाल दिला की कुणालाही बळजबरीनं लस टोचता येणार नाही. मात्र सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार वाजवी निर्बंध घालू शकतं, हेही त्याच निकालात आहे. व्हॉट्सॲपवर फिरताना नेमका हा दुसरा भाग गळून पडतो.

आता गंमत बघा. त्याच वर्षी नोव्हेंबरात केंद्र सरकारनं सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिलं. कोविड लसीनंतर दोन मुली दगावल्या, असं त्यांच्या आईबापांचं म्हणणं होतं. सरकारचं उत्तर असं की लस लोकांनी आपखुशीनं घेतली, अशा ऐच्छिक वापराला माहितीपूर्ण संमतीची कल्पना लागूच होत नाही. मला हा युक्तिवाद अजिबात पटत नाही. माहितीच दिली नाही, तर खुशी कशाच्या भरवशावर? अमेरिकेत १९८६ च्या कायद्यानं ठरावीक लसींच्या प्रत्येक डोसाआधी पालकाच्या हातात माहितीपत्रक द्यावंच लागतं. सही घ्यायची की नाही, ते ज्या-त्या राज्यावर सोडलंय.

पण आपल्याकडे खरी गोची आहे ती आश्रमशाळेत. सिरोंच्याच्या पलीकडे तेलंगण लागतं, त्यातला खम्मम जिल्हा. तेव्हा तो आंध्रात होता. २००९ साली तिथं दहा ते चौदा वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस एका प्रकल्पात दिली गेली. पुढे काही मुलींचे मृत्यू झाले. त्यांचा लसीशी बहुधा संबंध नाही, असं चौकशीत आलं. पण संमतीपत्रं तपासली तेव्हा काय निघालं? आंध्रातल्या ९,५४३ फॉर्मपैकी १,९४८ वर अंगठे आणि २,७६३ वर वसतिगृहाच्या वॉर्डनची सही! संसदेच्या स्थायी समितीनं २०१३ च्या अहवालात यावर कडक ताशेरे ओढले.

आता मेळघाट-गडचिरोलीच्या आदिवासी भागात, आपल्या धारणी, चिखलदरा, एटापल्ली, भामरागडकडे या. पोरगी जूनमध्ये शाळेत सोडली की घरी येते दिवाळीला. आई कोरकू किंवा माडिया बोलते, फॉर्म मराठीत. मग सही अधीक्षकाची. कायद्यानं चूक का? इथंच पळवाट आहे. संहितेचं कलम २७ म्हणतं, बारा वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी पालक 'किंवा कायदेशीर ताबा असलेली व्यक्ती' संमती देऊ शकते. अधीक्षक म्हणणार, ताबा माझ्याकडे. आणि बारा पूर्ण झालेल्या मुलीबद्दल हे कलम बोलतच नाही. राज्यानं लसीच्या संमतीच्या नियमांचा फेरआढावा घ्यायचा असेल, तर तो इथून घ्यावा. आश्रमशाळेत आईबापाला विचारल्याशिवाय सुई नाही, आणि विचारायचं ते त्यांच्या बोलीत. दिल्लीत शाळांमधल्या गोवर-रुबेला मोहिमेला संमतीची गरज नाही असं सरकारनं म्हटलं होतं, ते तिथल्या उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये मानलं नाही. हा दाखला हाताशी आहे.

गावातल्या लसीकरणासाठी मला नवे फॉर्म नकोत. सिस्टरच्या प्रशिक्षणात चार गोष्टी आधीच आहेत: कोणती लस आणि कोणत्या रोगासाठी, त्रास काय होऊ शकतो, पुढचं कधी यायचं, कार्ड सांभाळायचं. शिवाय अर्धा तास थांबवायचं. अंगणवाडीत गर्दी असली की यातलं एकच उरतं: "मावशी, ताप येईन, गोळी देजा." आईला विचारा, कशाची सुई होती? ती म्हणते, "मांडीतली." सिस्टरचा दोष नाही, दुपारपर्यंत तिला दुसरं गावही उरकायचं असतं. पण या गोष्टी सुई टोचल्यावर नाही, आधी सांगितल्या तर तीच संमती. बाटलीच्या लेबलावर गोलातला एक चौकोन असतो, उष्णता लागली की तो गडद होत जातो. तो आईला दाखवा. बाहेरच्या गोलापेक्षा तो फिका असला, तर लस उन्हातान्हात खराब झालेली नाही. हे अंगठेबहाद्दरालाही दिसतं. यवतमाळ जिल्ह्यात २०२१ मध्ये बारा लेकरांना पोलिओ डोसाऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं होतं. लोकांनी बाटलीकडे बघायला शिकलेलं बरं.

मागून एका भाऊंनी विचारलं, "सुई नाही घेतली तं राशन बंद होते का जी?" प्रश्न हवेतला नाही. २०२१ मध्ये औरंगाबाद जिल्ह्यात लस नाही तर राशन-पेट्रोल नाही, असा आदेश खरोखरच निघाला होता. पण राशन तुम्हाला २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं मिळतं, आणि त्यात लसीची अट नाही. दुकानदार अडला तर लेखी आदेश मागा, कलमासकट. बहुतेक वेळा कागद निघतच नाही. निघालाच, तर घेऊन या. बाजाराच्या दिवशी मी तहसीलसमोरच बसतो.