पेन्शनच्या पैशावर कुणाकुणाचा डोळा

साताऱ्याजवळचं अपशिंगे मिलिटरी. घरटी कुणी ना कुणी फौजेत. या पट्ट्यात थोरला सुभेदार म्हणून रिटायर आणि धाकटा झेडपीच्या शाळेत मास्तर, अशी घरं काय नवीन नाहीत. थोरल्याला शेवटच्या पगारावर पेन्शन, वर महागाई भत्ता. धाकटा २००५ नंतर लागलेला असला की त्याच्या मोबाईलमध्ये एनपीएसचं, म्हणजे पगारातून कापून बाजारात गुंतवायच्या नव्या पेन्शन योजनेचं ॲप, एसबीआय, यूटीआय, एलआयसीच्या फंडांत वाटलेली रक्कम, बाजार हलला की आकडा हलतो. रिटायर झाल्यावर ६० टक्के हातात, बाकी ४० टक्क्यांची ॲन्युइटी घ्यायची, म्हणजे विमा कंपनीला रक्कम देऊन तिच्याकडून महिन्याची पेन्शन घ्यायची, महिन्याला किती बसतील ते तेव्हाचे व्याजदर ठरवणार.

राज्यात जुन्या आणि नव्या पेन्शनमधली ही रेघ ओढली १ नोव्हेंबर २००५ ला. सैन्याला मात्र एनपीएस लागू नाही. चिलीतही तसंच, १९८१ ला पिनोशेच्या लष्करी राजवटीनं लोकांची पेन्शन खासगी कंपन्यांकडे दिली आणि लष्कर-पोलिसांची जुनीच ठेवली. एवढी भारी स्कीम, मग स्वतःला का नाही लावली?

म्हणे आपल्या नावच्या खात्यात पैसा गेला की पुढाऱ्यांचा हात पोचत नाही. अर्जेंटिनात १९९४ ला अशी खाती निघाली, २००८ च्या मंदीत सरकारनं सगळे फंड ताब्यात घेतले. हंगेरीत २०१० ला तर सरळ दम, खासगी फंडात राहणार असाल तर पुढच्या सरकारी पेन्शनवर पाणी सोडा, मग काय, जवळपास ९७ टक्के लोक परत आले आणि त्यांचा पैसाही सरकारकडे गेला. चिलीत उलटा खेळ, कोरोनात संसदेनं लोकांनाच खात्यातले १० टक्के काढायची मुभा दिली, एकदा नाही, तीनदा! कित्येकांची खाती रिकामी. पुढाऱ्यांना हे स्वस्तात पडतं, पैसा लोकांचाच आणि नाव यांचं.

आपल्याकडे राजस्थान, छत्तीसगडनं २०२२ ला जुनी पेन्शन परत आणली आणि एनपीएसमधले पैसे मागितले, केंद्र म्हणालं कायद्यात तशी तरतूदच नाही. महाराष्ट्रात मार्च २०२३ ला संप, 'एकच मिशन, जुनी पेन्शन', आठवडाभर ऑफिसं थंड, मग समिती, मग संप मागे. २४ ऑगस्ट २०२४ ला केंद्रानं यूपीएस, म्हणजे युनिफाइड पेन्शन स्कीम आणली आणि दुसऱ्याच दिवशी राज्याच्या कॅबिनेटनं ती उचलली. विधानसभा तीन महिन्यांवर होती ना! यूपीएसमध्ये शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन, पण २५ वर्षं नोकरी भरली तर, उशिरा लागलेल्याला त्या प्रमाणात कमी.